साठीतली अमेरिका: १९६४ चा कायदा झाल्यावर १९६५ चा कशाला लागला?

पानगळ

साठच्या दशकातल्या अमेरिकेबद्दल मराठीत वाचायला गेलं की केनेडींची हत्या, मार्टिन लूथर किंग यांचं भाषण, व्हिएतनाम, लांब केस आणि गिटार, एवढ्यावर गाडी थांबते. काय घडलं ते कळतं, कसं घडलं ते कळत नाही. माझं तीन ठिकाणी अडलंय.

१) जुलै १९६४ मध्ये नागरी हक्क कायदा झाला. त्यात मतदानाचंही प्रकरण होतं. मग जेमतेम तेरा महिन्यांत मतदानासाठी वेगळा कायदा का करावा लागला?

२) व्हिएतनामसाठी सक्तीची भरती होती, पण त्या वयाचे सगळे काही गेले नाहीत. कोणी जायचं हे ठरवायचं कोण? आणि डिसेंबर १९६९ च्या सोडतीत चिठ्ठ्या नीट मिसळल्याच नव्हत्या, हे खरं की वावडी?

३) १९६८ साली उपाध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्यात होणारी निवडणूक) न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. हे नियमात कसं बसलं?

भाषणांचे उतारे नकोत, ते सगळीकडे मिळतात. यंत्र आतून कसं चालायचं ते कोणी सांगेल का?

दप्तरी

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

१९६४ च्या कायद्याचं पहिलंच प्रकरण मतदानाचं होतं, हे बरोबर. नोंदणीचे निकष सगळ्यांना सारखे लावा, साक्षरता चाचणी घ्यायचीच तर लेखी घ्या, सहावीपर्यंत शिकलेला माणूस साक्षर आहे असं कोर्टानं धरून चालावं, असं त्यात होतं. वाचायला छान. पण एखाद्या काउंटीनं (म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यानं) हे पाळलंच नाही तर? तर न्याय खात्यानं तिथे खटला भरायचा. पुढच्या काउंटीसाठी पुढचा खटला. नोंदणीची जुनी दप्तरं चाळून पुरावा गोळा करायलाच एकेका खटल्यात कधीकधी ६,००० मनुष्यतास जात. आणि खटला जिंकला तरी राज्य अशी नवी अट काढायचं, जी कोर्टाच्या मनाई हुकमात नव्हती. काही ठिकाणी तर अधिकारी नोंदणीची कचेरीच बंद ठेवून मोकळे व्हायचे.

सेल्मा शहर ज्या काउंटीत येतं त्या अलाबामातल्या डॅलस काउंटीचे आकडे बघा. सरकारनं चार वर्षं खटला चालवला, भेदभाव होतोय असा निकाल कोर्टानं दोनदा दिला. एवढं करून नोंदलेले कृष्णवर्णीय मतदार १५६ वरून ३८३ झाले. मतदानाच्या वयाचे होते सुमारे १५,०००. म्हणजे वर्षाला सत्तावन्न जण. त्याच चालीनं उरलेल्यांची नोंदणी व्हायला अडीचशे वर्षं लागली असती, आणि हे सरकारनं जिंकलेल्या खटल्याचं फळ!

माणसाला अडवायचं कसं, याची पद्धत एकच नव्हती. एकावर एक चाळण्या होत्या:

सेल्मात कचेरी महिन्यातून दोन सोमवारी उघडी. रोजंदारीवरच्या माणसानं कामाच्या दिवशी रांग लावायची आणि संध्याकाळी 'पुढच्या वेळी या' ऐकून परतायचं. आत शिरलाच तर लांबलचक अर्ज, त्यात बारीकशी चूक सापडली की बाद. अलाबामात आधीच मतदार असलेल्या माणसाची हमी लागायची. जिथे कृष्णवर्णीय मतदार जवळजवळ नाहीतच, तिथे हमी देणार कोण?

मिसिसिपीत राज्यघटनेतलं एक कलम उतरवून त्याचा अर्थ लिहावा लागे. घटनेत २८५ कलमं, त्यातलं कुठलं द्यायचं ते रजिस्ट्रार ठरवणार आणि अर्थ बरोबर की चूक तेही तोच ठरवणार. गोऱ्या अर्जदाराला एका ओळीचं कलम, कृष्णवर्णीय शिक्षकाला कर आकारणीचं पानभर. शिवाय १९६२ पासून अर्जदाराचं नाव स्थानिक वर्तमानपत्रात दोन आठवडे छापायचा नियम आला. कारण वरवर निरुपद्रवी: कोणाची हरकत असेल तर कळावं. प्रत्यक्षात मालकाला, घरमालकाला आणि कर्ज देणाऱ्याला यादी आयती मिळायची.

१९६५ च्या कायद्यानं हे सगळं उलटं फिरवलं. तीन कलमं नीट समजून घेतलीत तर बाकीचं आपोआप उलगडतं.

कलम ४: आकड्यांचं सूत्र. ज्या राज्यात वा काउंटीत १ नोव्हेंबर १९६४ रोजी चाचणीसारखी अट होती आणि मतदानाच्या वयाच्या लोकांपैकी निम्म्याहून कमी नोंदलेले होते किंवा त्या नोव्हेंबरच्या अध्यक्षीय निवडणुकीत निम्म्याहून कमी लोकांनी मत दिलं होतं, तिथली चाचणी तत्काळ स्थगित. भेदभाव सिद्ध करायची गरजच नाही. अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना, मिसिसिपी, साउथ कॅरोलिना, व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या बऱ्याच काउंट्या यात सापडल्या. (अलास्कासुद्धा सापडलं! सूत्र म्हटलं की असं होतंच.)

कलम ५: या भागांनी निवडणुकीचा कुठलाही नियम बदलायचा तर आधी वॉशिंग्टनची मंजुरी, न्याय खात्याची किंवा तिथल्या जिल्हा न्यायालयाची. खात्याला ६० दिवसांची मुदत. 'एक चाळणी बंद केली की दुसरी' हा खेळ इथे थांबला, कारण बदल निरुपद्रवी आहे हे आता राज्यानं दाखवायचं होतं.

कलम ६ आणि पुढची: केंद्राचे परीक्षक थेट काउंटीत जाऊन बसणार आणि स्वतः नोंदणी करणार. ६ ऑगस्टला अध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली आणि आठवडा उलटायच्या आत परीक्षक कामाला लागले. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची नोंदणी ६.७ टक्क्यांवरून १९६७ पर्यंत ५९.८ टक्क्यांवर गेली.

मग बिघडलं कुठे? नोंदणी अडवता येईना म्हटल्यावर मताची किंमत कमी करायला सुरुवात झाली. मिसिसिपीनं १९६६ मध्ये काउंटीच्या पर्यवेक्षकांची निवड प्रभागाऐवजी अख्ख्या काउंटीतून करायची मुभा दिली. चार प्रभाग गोऱ्यांचे आणि एक कृष्णवर्णीयांचा असेल तर पूर्वी एक जागा हमखास मिळाली असती. काउंटी एकच धरली की पाचही जागा बहुमताच्या. राज्याचं म्हणणं, हा मतदानाचा नियमच नव्हे, मंजुरी कसली? १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ॲलन खटल्यात सांगितलं की असे बदलही कलम ५ खाली येतात. त्या निकालाआधी कलम ५ जवळजवळ कपाटातच पडून होतं.

रानजाई

दप्तरींना अनुमोदन. एक भर घालते. १९६४ चा कायदा मतदानात लुळा पडला म्हणून तो फुकट गेला असं समजू नका. त्याचं सहावं प्रकरण बघा: केंद्राचा पैसा घेणाऱ्या कुठल्याही कार्यक्रमात वंशभेद केला तर पैसा बंद. १९६४ मध्ये हे वाक्य फारसं कोणाच्या डोळ्यात आलं नाही, कारण दक्षिणेतल्या शाळांना आणि रुग्णालयांना केंद्राकडून मिळणारा पैसा तेव्हा बेताचाच होता. दुसऱ्याच वर्षी शाळांसाठी एक अब्ज डॉलरहून मोठा शिक्षण कायदा आला, पाठोपाठ मेडिकेअर (वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) आलं, आणि त्या वाक्याला दात फुटले.

रुग्णालयांचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. १ जुलै १९६६ पासून ६५ वर्षांवरच्या रुग्णांचं बिल मेडिकेअर भरणार होतं. एवढं गिऱ्हाईक सोडणं कुठल्याच रुग्णालयाला परवडणारं नव्हतं. अट एक: पालनाचं हमीपत्र द्या आणि तपासणीला तोंड द्या. तपासणीस विचारायचे ते नेमकं असायचं. खोल्या वंशावरून वाटता का? दोन खाटांच्या खोलीत कोण कोण आहे? कृष्णवर्णीय डॉक्टरांना इथे रुग्ण दाखल करता येतो का? कॅन्टीन एक की दोन? कागदावर 'होय' लिहून प्रत्यक्षात वॉर्ड वेगळे ठेवणाऱ्यांना परत पाठवलं जाई. शाळांना दहा वर्षांत जमलं नाही ते बहुतेक रुग्णालयांत काही महिन्यांत झालं, कारण तारीख ठरलेली होती आणि पैसे त्या तारखेला अडकलेले होते.

भोकही तिथेच राहिलं. डॉक्टरांच्या खासगी दवाखान्यांना मिळणारे मेडिकेअरचे पैसे सरकारनं 'केंद्राची मदत' धरले नाहीत. त्यामुळे रुग्णालयाचा वॉर्ड एक झाला तरी दवाखान्यातल्या दोन प्रतीक्षाखोल्यांना या प्रकरणाचा हात पोचत नव्हता.

शाळांत उलटं झालं. बऱ्याच जिल्ह्यांनी 'शाळा निवडण्याचं स्वातंत्र्य' नावाची योजना पुढे केली: कोणीही कुठल्याही शाळेत नाव घालावं. व्हर्जिनियातल्या न्यू केंट काउंटीत तीन वर्षांनी ७४० पैकी ११५ कृष्णवर्णीय मुलं गोऱ्यांच्या शाळेत गेलेली होती, आणि कृष्णवर्णीयांच्या शाळेत गेलेलं गोरं मूल एकही नव्हतं. निवडीचा सगळा भार आणि धोका एकाच बाजूच्या आईबापांवर. मे १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही योजना पुरेशी नाही म्हणून फेटाळली आणि दुहेरी व्यवस्था मोडायची जबाबदारी शाळा मंडळावर टाकली.

सातवं प्रकरण नोकऱ्यांचं. त्यात 'लिंग' हा शब्द ८ फेब्रुवारी १९६४ ला व्हर्जिनियाच्या हॉवर्ड स्मिथ यांच्या दुरुस्तीनं घुसला. स्मिथ मूळ विधेयकाचे कट्टर विरोधक. दुरुस्ती १६८ विरुद्ध १३३ नं मंजूर झाली. पण अंमलबजावणीच्या आयोगाला १९७२ पर्यंत स्वतः खटला भरायचा अधिकारच नव्हता, तो फक्त समेट घडवू शकत होता. 'पुरुष पाहिजेत' आणि 'स्त्रिया पाहिजेत' अशा वेगळ्या रकान्यांत नोकरीच्या जाहिराती छापणं आयोगानं सुरुवातीला चालवून घेतलं. १९६६ मध्ये नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन स्थापन झाली त्यामागे हा राग होता. ऑगस्ट १९६८ मध्ये आयोगानं ते रकाने बेकायदा ठरवले.

गणितमास्तर

दुसरा प्रश्न माझ्या आवडीचा. आधी सोडत, कारण ती वावडी नाही.

१ डिसेंबर १९६९ ला वॉशिंग्टनमध्ये सोडत झाली. ३६६ निळ्या प्लास्टिकच्या कुप्या, प्रत्येकीत वर्षातली एक तारीख. जी तारीख पहिली निघेल त्या दिवशी जन्मलेल्यांना क्रमांक १. (निघाली १४ सप्टेंबर.) लागू कोणाला? १९४४ ते १९५० मध्ये जन्मलेल्यांना.

मिसळणी कशी झाली ते बघा. जानेवारीच्या ३१ कुप्या एका खोक्यात टाकल्या आणि पुठ्ठ्यानं एका बाजूला सारल्या. रिकाम्या भागात फेब्रुवारीच्या ओतल्या आणि पुठ्ठ्यानंच जानेवारीत ढकलल्या. मग मार्च, आणि असं करत डिसेंबर. म्हणजे जानेवारीच्या कुप्या अकरा वेळा ढवळल्या गेल्या, डिसेंबरच्या एकदाच. नंतर खोकं काही वेळा हलवलं, आणि सोडतीच्या दिवशी खोल बरणीत उपडं केलं. काढणाऱ्यांनी बहुतेक वेळा वरचीच कुपी उचलली.

परिणाम: सोडत खरोखर यदृच्छ असती तर प्रत्येक महिन्याचा सरासरी क्रमांक १८३.५ च्या आसपास आला असता. जानेवारीचा आला २०१, डिसेंबरचा सुमारे १२१. उतार वर्षाच्या शेवटाकडे. वर्षअखेरीस जन्मलेल्याला लवकर बोलावणं येण्याची शक्यता जास्त. कोणी लबाडी केली असं नाही. हातानं ढवळलं की मिसळलं, हा गैरसमज. पत्ते पिसणारा माणूससुद्धा ही चूक करतो, फक्त तिथे डाव जातो.

दुरुस्ती पुढच्याच सोडतीत, १ जुलै १९७० ला केली. दोन पिंपं ठेवली: एकात तारखा, दुसऱ्यात क्रमांक. दोन्ही भरण्याचा क्रमही आधी यदृच्छ आकड्यांच्या यादीवरून ठरवलेला. एकातून तारीख, दुसऱ्यातून क्रमांक. एका पिंपात थोडी ढिलाई राहिली तरी दुसरं ती पुसतं. १९६९ च्या सोडतीत अखेर १९५ क्रमांकापर्यंत बोलावणं गेलं, त्यावरचे सुटले.

आता सोडतीआधीचं. ठरवायचं कोण? देशभर सुमारे ४,००० स्थानिक मंडळं. सदस्य बिनपगारी, त्याच भागातले, बहुतेक प्रौढ गोरे पुरुष. तरुणानं अठराव्या वर्षी नाव नोंदवायचं, मंडळ त्याला वर्ग देणार. १-ए म्हणजे तयार. २-एस म्हणजे विद्यार्थी, पुढे ढकललेला. ४-एफ म्हणजे अपात्र. १-ओ म्हणजे सदसद्विवेकानं युद्धाला नकार, त्याऐवजी नागरी सेवा. वॉशिंग्टनकडून महिन्याचा आकडा राज्याला, राज्याकडून मंडळाला. मंडळ १-ए मधून २६ च्या आतले वयानं मोठे आधी उचलणार.

यात तीन ठिकाणी पाणी मुरायचं. पहिलं, २-एस: कॉलेजची फी भरू शकणारा थांबू शकत होता. दुसरं, मंडळांत एकवाक्यता नव्हती. एकाच कारणासाठी एका मंडळात सूट आणि शेजारच्या मंडळात नकार. तिसरं, अनिश्चितता: मोठे आधी या नियमामुळे एकोणीस ते सव्वीस, सगळी सात वर्षं डोक्यावर टांगती तलवार. लग्न, नोकरी, कर्ज, सगळं अधांतरी.

जुलै १९६५ मध्ये जॉन्सन यांनी महिन्याचा आकडा १७,००० वरून ३५,००० केला, आणि ऑगस्टअखेर नुसत्या लग्नावर मिळणारी सवलतही संपवली. १९६६ मध्ये ३,८२,०१० जणांची सक्तीनं भरती झाली, त्या दशकातला सर्वांत मोठा आकडा. त्याच वर्षी विद्यार्थ्यांचा वर्गातला क्रमांक मंडळाला कळवायची पद्धत आली आणि विद्यापीठांत ठिणगी पडली: प्राध्यापकानं दिलेला 'क' आता विद्यार्थ्याला लष्कराकडे ढकलू शकत होता. ऑक्टोबर १९६६ पासून संरक्षण खात्यानं 'प्रोजेक्ट १,००,०००' खाली चाचणीत कमी गुण मिळवणाऱ्यांनाही घ्यायला सुरुवात केली. म्हणजे वरच्या टोकाला २-एस ची गळती आणि खालच्या टोकाला निकष सैल. कोण गेलं याचं उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे.

उत्तरवाडी

वरचं सगळं बरोबर आहे, तरी त्यातून 'दक्षिण वाईट, वॉशिंग्टननं सुधारली' असं चित्र उभं राहतं. ते अर्धवट आहे.

मतदान कायद्यावर सही ६ ऑगस्ट १९६५ ची. पाचच दिवसांनी, ११ ऑगस्टला, लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दंगल पेटली. सहा दिवस, ३४ मृत्यू. तिथे मतदानाला कोणी अडवत नव्हतं. तिथला प्रश्न घर, पोलीस आणि नोकरीचा होता आणि त्याला कलम ५ चा काही उपयोग नव्हता. नोव्हेंबर १९६४ मध्ये कॅलिफोर्नियानं जॉन्सन यांना भरभरून मतं दिली. त्याच मतपत्रिकेवर प्रस्ताव क्रमांक १४ होता: घर विकताना, भाड्यानं देताना कोणाला नाकारायचं हा मालकाचा हक्क. तो जवळपास दोनास एक अशा फरकानं मंजूर झाला. पुढे १९६६ मध्ये राज्याच्या आणि १९६७ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द ठरवला, ती गोष्ट वेगळी.

घरांचं यंत्र असं. सरकारी विम्याच्या आधारानं स्वस्त गृहकर्ज मिळायचं, पण कृष्णवर्णीय वस्ती 'धोक्याची' म्हणून तिथे विमा नाही. विमा नाही म्हणून बँकेचं कर्ज नाही. मग शिकागोत दलाल घर स्वस्तात घेऊन दुप्पट भावानं हप्त्यांच्या करारावर द्यायचे. या करारात शेवटचा हप्ता भरेपर्यंत मालकी विकणाऱ्याचीच. एक हप्ता चुकला की घरही गेलं आणि आधी भरलेले पैसेही. दलाल तेच घर पुढच्या गिऱ्हाइकाला द्यायला मोकळा. डागडुजीला पैसे उरायचे नाहीत, घर जास्त भाडेकरूंनी भरायचं, वस्ती खालावायची, आणि 'बघा, धोक्याचीच होती' म्हणायला लोक मोकळे.

१९६६ मध्ये किंग शिकागोला गेले ते याच कारणासाठी, आणि फारसं हाती न लागता परतले. घर विकताना, भाड्यानं देताना भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा दोन वर्षं अडून होता. ४ एप्रिल १९६८ ला मेम्फिसमध्ये किंग यांची हत्या झाली, आणि ११ एप्रिलला त्या कायद्यावर सही. घाईत झालेल्या कायद्याची हाडं ठिसूळ: गृहनिर्माण खातं तक्रार घेऊन समेट करू शकायचं, हुकूम देऊ शकायचं नाही. खासगी दावा जिंकला तरी दंडात्मक भरपाई १,००० डॉलरपर्यंतच. मालक स्वतः राहतो अशी चार बिऱ्हाडांपर्यंतची इमारत बहुतांशी वगळलेली. हे दात बसायला १९८८ उजाडलं.

पारावरचा

तिसरा प्रश्न राहिलाच की! थोडक्यात सांगतो.

१९६८ मध्ये पंधराच्या आसपास राज्यांत प्रायमरी होत्या. बाकीच्या ठिकाणी पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी कोण हे पक्षाच्या समित्या, राज्य अधिवेशनं, कुठे गव्हर्नर आणि पक्षाध्यक्ष मिळून ठरवत. एक तृतीयांशाहून जास्त प्रतिनिधी तर १९६८ उजाडायच्या आधीच जवळजवळ ठरून गेलेले होते, म्हणजे युद्धविरोधी उमेदवार शर्यतीत दिसायच्या आधीच.

जॉन्सन यांनी ३१ मार्चला माघार घेतली. हम्फ्री उतरले २७ एप्रिलला, तोवर बहुतेक प्रायमरींची अर्ज भरायची मुदत टळलेली. त्यांना प्रायमरी नकोच होती. ते राज्याराज्यांतल्या पुढाऱ्यांना भेटत राहिले. प्रायमरींत युजीन मॅकार्थी आणि रॉबर्ट केनेडी आपसांत झुंजत होते, आणि जूनमध्ये केनेडींची हत्या झाली. ऑगस्टअखेर शिकागोच्या अधिवेशनात युद्धाविरोधातला ठराव १,५६७¾ विरुद्ध १,०४१¼ नं पडला (पाव मतं होती, कारण एका मताचे वाटे पाडून एकापेक्षा जास्त प्रतिनिधी पाठवता येत). बाहेर मिशिगन ॲव्हेन्यूवर पोलिसांच्या काठ्या चालत असताना हम्फ्री पहिल्याच फेरीत निवडून आले. नियमाचा भंग कुठेच झाला नाही. नियमच तसे होते, आणि भडका उडाला तो त्यामुळे.

त्याच अधिवेशनानं 'युनिट रूल' काढून टाकला, म्हणजे राज्याच्या प्रतिनिधींच्या बहुमतानं सगळ्यांचं मत एका पारड्यात टाकायचा नियम. आणि निवडपद्धत तपासायला एक आयोग नेमायचं ठरलं, जो पुढे मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग म्हणून ओळखला गेला. त्यानं प्रायमरी घ्या असं कुठेच म्हटलं नव्हतं. प्रतिनिधी निवडणुकीच्याच वर्षात निवडा, बैठकीची जाहीर सूचना द्या, स्त्रिया, तरुण आणि अल्पसंख्याकांना लोकसंख्येशी सुसंगत वाटा द्या, असे नियम होते. राज्यांच्या पक्षांनी हिशोब केला: एवढं सांभाळून बैठका घेण्यापेक्षा प्रायमरी परवडली. १९७२ मध्ये या नियमांखाली उमेदवार झाले खुद्द जॉर्ज मॅकगव्हर्न, आणि ४९ राज्यांत हरले.

रानजाई

विषय निघालाच आहे तर १९६५ चाच आणखी एक कायदा विसरू नका, ज्याचा परिणाम तेव्हा कोणालाच नीट दिसला नव्हता: ३ ऑक्टोबरला सही झालेला स्थलांतर कायदा. १९२१ पासून देशवार कोटे होते. १९४६ च्या कायद्यानं भारताला मिळालेला कोटा होता वर्षाला १००. नव्या कायद्यात पूर्व गोलार्धाला एकूण १,७०,००० आणि कुठल्याही एका देशाला कमाल २०,०००. वाटणीत भावंडांना २४ टक्के, व्यावसायिकांना १० टक्के. नातेवाइकांना झुकतं माप दिलं की युरोपीय कुटुंबंच येत राहतील असा काहींचा अंदाज होता. युरोपातली मागणी मात्र ओसरत गेली. आशियातून आधी डॉक्टर-इंजिनियर त्या १० टक्क्यांतून आले, नागरिक झाले आणि मग त्यांनी २४ टक्क्यांतून भावंडं आणली. पश्चिम गोलार्धावर (म्हणजे दोन्ही अमेरिका खंडांवर) मात्र पहिल्यांदाच मर्यादा आली, १,२०,०००. मेक्सिकोच्या शेतमजुरांचा हंगामी करार १९६४ अखेर बंद झालेलाच होता. मजूर येत राहिले, रस्ता तेवढा बेकायदा झाला.

पानगळ

सगळ्यांचे आभार, चार-पाच वेळा वाचावं लागणार. दप्तरी, एक शंका. तुमच्या यादीत टेक्सास नाही. दक्षिणेतलं एवढं मोठं राज्य कलम ४ च्या सूत्रातून सुटलं कसं?

दप्तरी

सूत्राला दोन अटी होत्या: चाचणी हवी आणि सहभाग निम्म्याहून कमी हवा. टेक्सासात साक्षरता चाचणी नव्हतीच. तिथे होता मतदान कर, आणि कायद्याच्या व्याख्येत कर म्हणजे 'चाचणी' नव्हे. त्यामुळे पहिलीच अट लागू होईना. जॉन्सन यांचं स्वतःचं राज्य, म्हणून कुजबुज झालीच.

कराला वेगळं औषध लागलं. जानेवारी १९६४ च्या २४ व्या घटनादुरुस्तीनं तो केंद्राच्या निवडणुकांपुरता गेला. राज्याच्या निवडणुकांसाठी तो टेक्सास, अलाबामा, मिसिसिपी आणि व्हर्जिनियात उरला. व्हर्जिनियात कर वर्षाला दीड डॉलर. आकडा किरकोळ, पण मागच्या तीन वर्षांचा भरलेला हवा, म्हणजे साडेचार, आणि तोही निवडणुकीच्या सहा महिने आधी, जेव्हा उमेदवार कोण हेही ठरलेलं नसे. मार्च १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हार्पर खटल्यात तो घटनाबाह्य ठरवला. टेक्सास कलम ५ च्या कक्षेत आलं ते १९७५ मध्ये, जेव्हा फक्त इंग्रजीत निवडणूक साहित्य देणं हीसुद्धा 'चाचणी' धरायचं काँग्रेसनं (अमेरिकेच्या संसदेनं) ठरवलं.